पडद्यावरचा शृंगार आणि फडातली माणसे

शृंगारिक चित्रपटांचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हे बंद करा. दुसरा म्हणतो, कलेला बंधन नको. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आम्हांला तिसराच प्रश्न सुचतो : या शृंगारात राबते कोण आणि पडद्यावर दिसते कोण?

१९३० साली जर्मनीत 'निळा देवदूत' या अर्थाच्या नावाचा एक बोलपट निघाला. हाइनरिश मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीवरचा. एक कडक शिस्तीचा शिक्षक गाणाऱ्या-नाचणाऱ्या लोलावर भाळतो, नोकरी गमावतो, तिच्याशी लग्न करतो आणि शेवटी मंडळीतला विदूषक होतो. लोलाचे काम मार्लेने डीट्रिश यांनी केले व त्या जगप्रसिद्ध झाल्या. त्यात एक बारकावा आहे. हे गुरुजी प्रेक्षकांत हिंडून बायकोच्या छबीची कार्डे विकतात. म्हणजे घर चालते ते लोलाच्या कष्टावर. आणि चित्रपट हे लपवत नाही.

हे कथानक ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांना 'पिंजरा' आठवला असेल. व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा हा चित्रपट त्याच जर्मन कथेवर बेतलेला मानला जातो. शिक्षकाचे काम डॉ. श्रीराम लागू यांचे, चंद्रकलेचे संध्या यांचे. पण मराठीत येताना कथेचा तोल गुरुजींकडे झुकला. गाव त्यांना मेलेले समजते, त्यांचा पुतळा उभारते. आणि स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली ते फासावर जातात, पण आदर्शाला तडा जाऊ देत नाहीत. कथा जबरदस्त आहे, यात वाद नाही. मात्र चंद्रकला उरते ती बहुतेक मोहापुरती.

बाहेरच्या देशातही असेच. जोसेफीन बेकर या अमेरिकेतून फ्रान्सला गेलेल्या कृष्णवर्णीय नर्तकी. १९३४ च्या 'झूझू'त त्या नायिका आहेत, त्यांच्या नृत्याला पॅरिस डोके लावते. पण नायक शेवटी गोऱ्या मैत्रिणीचा होतो आणि झूझू रंगमंचावर मोठ्या पिंजऱ्यात बसून गाते. पिंजरा हा शब्द येथेही आलाच!

आता फडाकडे वळू. आपल्या सोलापूरच्या शाहिरावर 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट १९४७ साली आला, १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला, आणि तमाशापट हा मराठीचा हुकमी माल झाला. लावणी सर्वांच्या तोंडी बसली. फडातल्या बाईचे दिवसाचे आयुष्य मात्र पडद्यावर क्वचितच उतरले. संगीतबारीत एकाच थिएटरात अनेक पार्ट्या पाळीपाळीने नाचतात. प्रेक्षकाने उधळलेल्या दौलतजाद्यात थिएटरमालकाचा हिस्सा असतो, वादकांचा असतो, आणि उरलेल्यावर नाचणारीचे सारे घर जगते. गिरणीतला कामगार हे गणित चटकन ओळखेल.

आणि तिची पोरे? तमाशापटात ती जवळपास नसतातच. ती दिसली पुस्तकात. आपल्याच जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातले डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली प्रसिद्ध झाले. नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर बाप-भाऊ बसून खातात. पैसेवाला तिला ठेवून घेतो तेव्हा तिचे नाचणे सुटते, आणि त्याने टाकली की पुन्हा चाळ बांधावे लागतात, हे त्यांनी आपल्या माणसांची नावे घेऊन लिहिले. आई एका पुरुषाबरोबर निघून गेली, मूल आजोळी मार खात वाढले, शिकून डॉक्टर झाले. २००७ साली अपघातात ते गेले. पुस्तकावर छापलेल्या त्यांच्या नावात, बापाचे नाव असते त्या जागी, आईचे नाव आहे.