जीपनी आणि बोटाने दाखवायची खानावळ

निमंत्रण देताना व्याख्यानमालेच्या चालकांनी मला प्रेमाने एक अट घातली होती : यंदा संप आणि बोनस सोडून काहीतरी सांगा. म्हणून फिलिपिन्समध्ये सामान्य माणूस कशात बसतो आणि काय जेवतो, हा विषय मी घेतला. अट कितपत पाळली गेली ते तुम्हीच ठरवा.

2024च्या फेब्रुवारीत संघटनेच्या कामासाठी मला मनिलात पाच दिवस राहण्याचा योग आला. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. त्यामुळे माझी इंग्रजी वाचण्यापुरती, बोलण्यात लंगडी. पण सोबतीला एक निवृत्त खलाशी मिळाले. जगातल्या बोटींवर फिलिपिनो खलाशांचा भरणा मोठा, आणि आपल्या कोकणातली माणसेही त्याच बोटींवर असतात. या गृहस्थांनी रत्नागिरीकडच्या सोबत्यांबरोबर वर्षानुवर्षे एका मेसमध्ये जेवण केलेले. 'डाळ' हा शब्द त्यांनी मला पाहताच उच्चारला.

त्यांनी मला पहिल्याच दिवशी जीपनीत बसवले. सातारा-कोल्हापूरकडे ज्याला आपण वडाप म्हणतो, त्याची ही थोरली बहीण. फरक इतकाच की हिला सरकारी परवाना असतो. 1945 साली युद्ध संपले आणि अमेरिकन सैन्याच्या जीपगाड्या तिथेच पडून राहिल्या. मनिलाच्या कारागिरांनी त्यांचा मागचा भाग लांबवला, वर पत्र्याचे छप्पर घातले, आत समोरासमोर दोन बाके ठोकली. पूर्वी टांगा हाकणारे लिओनार्दो साराओ यांनी 1953 साली लास पिन्यास येथे जीपनी बांधण्याचा कारखानाच काढला. टांगेवाल्याने मोटारीचा कारखाना काढावा, ही गोष्ट मला आजही सांगावीशी वाटते.

चढायचे मागून. कंडक्टर बहुधा नसतोच. मी अगदी मागे, दाराशी बसलेलो. भाडे तेव्हा तेरा पेसो, म्हणजे आपले सुमारे एकोणीस-वीस रुपये. मी वीसची नोट हातात धरून बावरलो, तेव्हा शेजारच्या बाईंनी ती घेतली, 'बायाद पो' म्हणून पुढच्याला दिली, त्याने पुढच्याला. अशी सहा हातांतून ती चालकापर्यंत गेली आणि सुटे सात पेसो त्याच सहा हातांतून माघारी आले. 'बायाद' म्हणजे चुकते करायचे पैसे. 'पो' म्हणजे आपल्या 'अहो'सारखा आदराचा शब्द. तो परक्यालाही लागतो, चालकालाही लागतो. उतरायचे असले की 'पारा पो' म्हणायचे. पैशाची चौकशी कोणी करीत नाही, आणि मधला एखादा पेसो हातातच राहिला असेही मी पाहिले नाही. तीस वर्षे संघटनेची वर्गणी गोळा करणारा माणूस मी. त्या बाकावर बसून मला थोडा मत्सर वाटला.

चालकाचा हिशेब मात्र ओळखीचा निघाला. गाडी बहुतेकदा मालकाची. मालकाला रोज ठराविक रक्कम द्यायची, तिला 'बाउंडरी' म्हणतात. डिझेल चालकाचे. हे दोन्ही फिटल्यावर उरेल ते त्याचे. आमच्या भाड्याने रिक्षा चालवणाऱ्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुपारी जीपनीच्या थांब्यालगत आम्ही जेवलो. अशा खानावळीला 'कारिंदेरिया' म्हणतात. हा शब्द 'कारी'वरून, म्हणजे आपल्याच रस्सा-कालवणावरून आला, असे मानतात. 1762 साली इंग्रजांनी मनिला घेतली तेव्हा मद्रासेहून नेलेले शिपाई त्यांच्या फौजेत होते. 1764 साली इंग्रज निघून गेले, पण काही शिपाई काइंता गावी राहिले. शेंगदाण्याच्या दाट रश्शातली 'कारे-कारे' त्यांच्याच चुलीवरून आली, असेही एक मत आहे.

या खानावळीचे दुसरे नाव 'तुरो-तुरो', म्हणजे 'बोट दाखव, बोट दाखव'. पाटी वाचता येण्याची गरज नाही. पातेली ओळीने मांडलेली असतात. झाकण उचलून बघायचे आणि बोट दाखवायचे. खिसा हलका असेल तर अर्धी वाढणी मागता येते, आणि पुष्कळ ठिकाणी रश्श्याचे पाणी फुकट मिळते. मी 'सिनिगांग' घेतले. चिंचेच्या आंबट पाण्यात शिजवलेली मासळी आणि पालेभाजी. पहिल्या घोटाला मला आईच्या हातची आमटी आठवली, फक्त गूळ विसरलेली! दुसऱ्या पातेल्यात 'आदोबो' होते : व्हिनेगर, लसूण, मिरी आणि सोया सॉस घालून शिजवलेले मांस. नाव स्पॅनिश लोकांनी दिले, पण मांस आंबटात शिजवून टिकवण्याची युक्ती त्यांच्या आधीची. सकाळी तर उरलेला भात लसणीवर परतून सुक्या मासळीबरोबर खातात. फोडणीचा भात आणि भाजलेला बोंबील खाऊन पाळीवर गेलेल्या माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. जेवणाऱ्यासमोर व्हिनेगर, मिरची, लिंबासारखे छोटे 'कालामान्सी' ठेवतात. ज्याने त्याने आपली चव आपण जुळवायची.

आमच्या बाकावर एक चालक येऊन बसला, साधारण माझ्याच वयाचा. खलाशी दुभाषी झाले. 2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि मनिलातल्या जीपन्या कित्येक महिने उभ्या राहिल्या. चालकांनी पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन रस्त्यावर भीक मागितली. त्या जूनमध्ये कालोओकान येथे निदर्शने करणाऱ्या सहा चालकांना कोठडीत टाकण्यात आले. हा त्या दिवसांत इथल्या बाईंच्या उधारीवर जेवला. पण गाड्याच नाहीत तर गिऱ्हाईक कुठले, शेवटी बाईंचीही चूल थंडावली. पुढे 14 एप्रिल 2021 रोजी केसोन शहरातल्या मागिन्हावा रस्त्यावर एका तरुणीने बांबूचा गाडा उभा केला, त्यावर तांदूळ-भाजी ठेवली आणि पाटी लावली : जमेल तेवढे द्या, लागेल तेवढे घ्या. तारलाकच्या शेतकऱ्यांनी रताळी पाठवली. थोड्याच दिवसांत देशभर असे गाडे उभे राहिले. पोलीस चौकशा करू लागले तेव्हा गाडा एक दिवस बंद ठेवावा लागला, मग पुन्हा सुरू झाला.

आता त्याच्यापुढे नवीच पंचाईत होती. जुन्या जीपन्या काढून नव्या आणण्याची सरकारी योजना 2017 सालची. जुनी गाडी धूर ओकते, छप्पर डोक्याला लागते, हे मीही भोगले. सुधारणा नको असे कोण म्हणेल? परंतु नवी गाडी वीस लाख पेसोंच्या वर. ती एकट्याला झेपणार नाही, म्हणून परवानाधारकांनी सहकारी संस्था किंवा कंपनी काढून आपले परवाने तिच्यात एकत्र करावेत, असा हुकूम झाला होता; मुदत 30 एप्रिल 2024. त्याविरुद्ध 2023च्या मार्चमध्ये चालकांनी संपही केला होता. (चालकांनी मला क्षमा करावी, म्हणजे व्याख्यानमालेच्या.)

त्याच्या मेव्हण्याची स्वतःची एक जीपनी होती, आणि तो सही करायला तयार नव्हता. मी सहकाराच्या मुलखातून आलो आहे हे खलाशांनी सांगितले तेव्हा तो माझ्याकडे वळला. त्याने विचारले, "सोसायटीत नाव घातल्यावर दहा वर्षांनी गाडी कोणाची असते?"

आमच्याकडे सहकारातून उभी राहिलेली गावे मी पाहिली आहेत, आणि सभासदांच्या हातून कारखाना गेलेलाही पाहिला आहे. दोन्ही सांगितले. सांगायला बराच वेळ लागला, रस्सा निवला. तो उठला, बाईंच्या वहीत आपले जेवण लिहवले, माझ्या ताटाकडे बोट दाखवून तेही लिहवले आणि गाडी भरायला निघून गेला.