जुन्या बुलेटचे मागील शॉकअब्सॉर्बर

मद्रासेस तयार होऊं लागलेली बुलेट आजही कित्येक गोठ्यांशेजारीं उभी दिसते. तिचे शॉकअब्सॉर्बर विकतांना दुकानदार चकाकी दाखवितो. आमच्या मतें ती निरुपयोगी होय. ओझें पेलते ती स्प्रिंग, उसळी आवरतें तें आंतील तेल. बैठक दाबून सोडल्यावर गाडी झुलतच राहिली, तर तेलाचें काम संपलें असें समजावें. अशा गाडीचें चाक खडबडीत रस्त्यावर जमीन सोडतें व ऐन वेळीं ब्रेक लागत नाहीं.

नवी जोडी घेतांना दोन्ही बोल्टांच्या मध्यांमधील लांबी जुन्याशी पडताळावी. ती अधिक झाल्यास चाक टेकून मधला स्टँड नीट लागत नाहीं. दुधाचे कॅन नेहमीं नेणारानें कडक स्प्रिंग घ्यावी. एकट्यानें फिरणारास मात्र ती पाठीची शिक्षाच! एकच बदलण्याची काटकसर आम्हांस पसंत नाहीं. जोडी बसवितांच साखळीचा ताणही पाहावा.