महाग कापड आधी का विरतं?

एक कोडं घ्या. सुटाची दोन कापडं समोर आहेत. एक मीटरला काहीशे रुपयांचं, दुसरं काही हजारांचं. दोन्हींच्या पँटी शिवल्या, रोज घातल्या, लोकलच्या बाकांवर घासल्या. आधी कोणती विरेल? बहुतेक जण बेधडक स्वस्तातल्या पँटीकडे बोट दाखवतील. आणि बहुतेक वेळा त्यांचं उत्तर चुकेल!

हे कोडं ठाणेकरांच्या फार जवळचं आहे. १९२५ साली ठाण्यात लोकरीची एक गिरणी उभी राहिली. १९४४ मध्ये ती कैलाशपत सिंघानियांच्या हाती आली, तेव्हा तिथे निघत होती मुख्यतः जाडीभरडी ब्लँकेटं, तीही लष्करासाठी. तीच ही रेमंड. पुढे तिने असं नाव कमावलं की पोखरण रोडवरचं जेके ग्राम हा शहराचा पत्ताच झाला आणि नवरदेवाचा सूट म्हणजे रेमंड हे घरोघरी ठरून गेलं. ब्लँकेटपासून राजेशाही सुटापर्यंत! या चढणीत नेमकं बदललं काय? यंत्रं बदलली, रंग बदलले, जाहिराती बदलल्या. पण सगळ्यात मोठा बदल डोळ्यांना दिसतच नाही. तो आहे मेंढीच्या केसाच्या जाडीत.

आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर जाड, म्हणून घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, आणि म्हणूनच ती टोचतेही. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा तंतू कातडीला टेकला की वाकत नाही, रुततो. चांगल्या सुटासाठी लागणारी मेरिनो मेंढीची लोकर मात्र १८-१९ मायक्रॉनची. इतका बारीक तंतू कातडीला टेकताच स्वतःच वाकतो, आणि आपण म्हणतो, ‘वा, काय मऊसूत आहे!’

बरं, हा तंतू काही सरळसोट नसतो. त्याच्या आत दोन प्रकारच्या पेशी दोन बाजूंना असतात. दोन्हींचा स्वभाव वेगळा, त्यामुळे तंतू जन्मतःच नागमोडी वळतो. सुटाचं कापड मुठीत चुरगाळून सोडा. सुरकुत्या आपोआप उलगडताना दिसतील. ती किमया या वळणांची आणि तंतूच्या लवचीकपणाची! शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पिऊन घेते, तरी हाताला कोरडीच लागते. ठाण्याच्या दमट हवेत ही केवढी सोय!

आता सुटाच्या कापडावर लिहिलेल्या त्या गूढ आकड्याकडे येऊ: सुपर १००, सुपर १२०, सुपर १५०. हे आहे तरी काय? मूळ हिशोब इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड गावचा. एक पौंड लोकरीतून प्रत्येकी ५६० यार्डांच्या किती लडी निघू शकतात, तो आकडा. १०० लडी म्हणजे ५६ हजार यार्ड, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटर. अर्धा किलोसुद्धा न भरणाऱ्या लोकरीचा धागा सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने सोडत निघा. ठाणे येईल, दिवा येईल, डोंबिवलीही मागे पडेल आणि कल्याण अगदी टप्प्यात येईल! सुपर २०० चा हिशोब मांडला, तर तोच धागा कर्जत ओलांडेल.

आज हा आकडा लडी मोजून ठरत नाही, तंतूच्या जाडीवरून ठरतो. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन. पुढे दर दहा आकड्यांना अर्धा मायक्रॉन कमी. म्हणजे सुपर २०० ला १३.७५.

इथेच कोड्याची किल्ली आहे. पाच मायक्रॉनचा फरक म्हणजे फार झालं काय? पण तंतूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्षेत्रफळ जाडीच्या वर्गाप्रमाणे घटतं. करा हिशोब: १३.७५ ला १८.७५ ने भागा आणि येईल त्याचा वर्ग काढा. उत्तर ०.५४ च्या आसपास! सुपर २०० चा एकेक तंतू सुपर १०० च्या तंतूच्या जेमतेम निम्म्या ताकदीचा. त्यातून कातलेला धागा तलम, त्याचं कापड हलकं, अंगावर सुरेख पडणारं. पण रोजच्या घासाघाशीला टिकायचं म्हटलं, तर त्याची दमछाक होणारच. तलमपणा आणि टिकाऊपणा एकमेकांच्या उलट दिशेला चालतात. किंमत तलमपणाच्या मागे जाते, गिऱ्हाईक मात्र मोजत असतं टिकाऊपणा. ‘बाबांची पँट वीस दिवाळ्या चालली, माझी तीन वर्षांत बसली.’ किती घरांत ऐकू येतं हे वाक्य! आणि लगेच निकाल: पूर्वीसारखा माल राहिला नाही. बाबांची पँट कदाचित जाड लोकरीची होती, किंवा टेरीवूलची.

टेरीवूल! पॉलिस्टर आणि लोकर यांची ही जोडी म्हणजे दुसरं आश्चर्य. पॉलिस्टरचा तंतू चिवट, त्यामुळे कापड वर्षानुवर्षं टिकतं, घडी मोडत नाही. पण मग त्यावर ते बारीक गोळे का धरतात? घासून घासून सुटलेले तंतू एकमेकांत गुंतले की गोळा तयार होतो. शुद्ध लोकरीतही होतो, पण तिथले नाजूक तंतू तुटतात आणि गोळा गळून पडतो. पॉलिस्टर तुटतच नाही! ते गोळ्याला कापडाशी घट्ट धरून ठेवतं. म्हणजे कापड दिसतं खराब, आणि कारण काय, तर ते फार मजबूत आहे. हलक्या मालाची खूण समजून ज्याला नाकं मुरडायची, तो खरं तर चिवटपणाचा पुरावा!

मालाचं झालं. आता खप. सुटिंगचा खप कशावर अवलंबून असतो? फॅशनवर, पगारावर, थंडीवर? उत्तर आकाशातही सापडतं. २०२४ च्या उन्हाळ्यात गुरू आणि शुक्र दोन्ही सूर्याच्या तेजात लपले होते. १८ मे रोजी गुरू आणि ४ जूनला शुक्र पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या पलीकडे होता. पंचांगाच्या भाषेत हा अस्त, आणि अस्तात लग्नं टाळायची रीत. ऐन हंगामात मुहूर्तांचा दुष्काळ! एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत रेमंडच्या कपड्यांच्या धंद्यात घट झाली, आणि कंपनीने दिलेल्या कारणांमध्ये कडक उन्हाळ्याच्या जोडीला लग्नाच्या कमी तारखा होत्या. कोट्यवधी किलोमीटर दूरच्या ग्रहांनी सुटिंगचं दुकान थंड पाडावं, याला काय म्हणायचं?

पण यामागे एक साधी गोष्ट आहे: आहेर. सूटपीस, पँटपीस हे कापड कित्येकदा वापरणारा निवडतच नाही. निवडतो देणारा, आणि तो मालाचा दर्जा वाचतो खोक्यावरून आणि कापडाच्या किनारीवर विणलेल्या नावावरून. एके काळी ते कापड लगेच शिंप्याकडे जायचं. आता तयार कपडे हाताशी आहेत, ऑफिसात जीन्स चालते आणि शिलाईचा दर कापडाच्या किमतीशी बरोबरी करू पाहतो. मग पँटपीस कपाटात बसून राहतो, किंवा पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या घरी जातो. फिरता आहेर!

आणि गिरणी? ठाण्याची गिरणी २००९ मध्ये थांबली. रेमंडचं कापड आता जळगाव, छिंदवाडा, वापी अशा ठिकाणी विणलं जातं. ठाण्यातल्या जागेपैकी सुमारे २० एकरांना २०१९ मध्ये ७०० कोटी रुपये मिळाले, आणि त्याच वर्षी कंपनीने तिथे स्वतःचे निवासी टॉवर बांधायला घेतले. जिथे केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजली जायची, तिथे आता चटईक्षेत्र चौरस फुटांत मोजतात.

तेव्हा ‘पूर्वीसारखं कापड राहिलं नाही’ असं कोणी म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका. आधी विचारा, नेमकं झालं काय? विरलं असेल, तर रोजच्या वापराला फार तलम कापड घेतलं गेलं. रोजसाठी सुपर १०० ते १२० बघा, त्यापुढचे आकडे लग्नकार्याला ठेवा. गोळे आले असतील, तर पॉलिस्टरच्या चिवटपणाला दोष द्या आणि ते कातरून टाका. बसायच्या जागी चमकायला लागलं असेल, तर घासून आणि तापल्या इस्त्रीखाली तंतू चपटे झालेत. पुढच्या वेळी मध्ये ओलं फडकं घाला, आणि एकदा घातलेल्या पँटीला एक दिवस विश्रांती द्या, त्या नागमोडी तंतूंना पुन्हा वळायला वेळ लागतो. आणि यातलं काहीच झालं नसेल, कापड खोक्यात घडी न मोडता पडून असेल, तर त्याच्या दर्जावर मत देण्याआधी ते एकदा शिवायला टाका!