खिशातील बॅटरी : पारखून घ्या, फसू नका

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. मलकापूरहून माल भरून आम्ही रात्री बुलढाण्याकडे निघालो होतो. मोताळा मागे पडले, राजूर घाट सुरू झाला आणि एका वळणावर गाडीचे मागचे चाक बसले. खिशातून बॅटरी काढली. आठवडी बाजारात नुकतीच घेतलेली, खोक्यावर 'एक किलोमीटर प्रकाश' असे मोठ्या अक्षरात छापलेले. जॅक लावेपर्यंत तिने डोळे दिपवले, चाक काढेपर्यंत ती मंदावली आणि नट कसायच्या वेळी विझली. एक नट हातातून निसटून गवतात गेला. मागून आलेल्या ट्रकच्या क्लीनरने आपली जुनी, ओरखडे पडलेली दोन सेलची बॅटरी पुढे केली, तेव्हा कुठे तो सापडला. त्या बॅटरीचा उजेड आमच्या बॅटरीच्या निम्माही नव्हता. पण चाक बसवून, हात धुऊन होईपर्यंत तो तसूभर कमी झाला नाही.

त्या रात्री आम्ही एक गोष्ट शिकलो. बॅटरीची पारख दुकानातल्या झगझगाटावर करू नये. गरजेला ती पेटते का आणि काम संपेपर्यंत टिकते का, हे पाहून करावी. आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरतो. आत बसतो तो सेल.

कोणाला लागते?

आपल्या जिल्ह्यातील कारागीर आणि व्यापारी बांधवांचे निम्मे काम अंधाराशीच असते. विहिरीवरची मोटार दुरुस्त करणारा, महामार्गावर नांदुरा-खामगावच्या पट्ट्यात रात्री गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक, वायरमन, पहाटे बाजार गाठणारा बागवान, गोदामात माल मोजणारा दुकानदार, दिवे गेल्यावरही शिवणाचे काम उरकणारा टेलर, या सर्वांना खिशात उजेड हवा. शेतीपंपांना अनेक ठिकाणी रात्रीच्या पाळीत वीज मिळत आली आहे, त्यामुळे मोटार बिघडल्याचे बोलावणेही रात्रीच येते. अशा वेळी बांधावरून चालताना उजेड आधी पायापुढे टाकावा. मण्यार हा विषारी साप रात्रीच हिंडतो आणि त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. कापसाच्या गोदामात, रुईच्या ढिगाजवळ काडी किंवा मेणबत्ती पेटवणे म्हणजे वर्षाची कमाई पणाला लावणे आहे.

कोणी म्हणेल, मोबाइलमध्ये उजेड आहेच. आहे; पण ग्रीस लागलेल्या हाताने तो धरता येत नाही, विहिरीत वाकल्यावर तो खिशातून निसटतो, आणि उजेडापायी मोबाइल उतरला की गिऱ्हाईकाचा फोनही गेला.

पितळी बॅटरीपासून एलईडीपर्यंत

आपल्या वडिलांच्या काळी दोन किंवा तीन मोठ्या सेलची पितळी बॅटरी घरोघर खुंटीला टांगलेली असे. एव्हरेडी आणि जीप ही नावे तेव्हा सर्वांच्या तोंडी होती. त्यातील जीप ही अलाहाबादच्या शेरवानी घराण्याची. राज्यसभेचे सदस्य राहिलेले मुस्तफा रशीद शेरवानी यांनी तो उद्योग उभा केला आणि त्यांची बॅटरी देशभर गेली. टिकाऊ मालाला गिऱ्हाईक आपण होऊन येते, हे त्या पिढीने दाखवून दिले.

त्या बॅटरीतील तारेचा बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवी. पुढे जपानमध्ये १९९० च्या दशकात तेजस्वी निळा एलईडी तयार झाला, त्यातून पांढरा उजेड मिळू लागला, आणि या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज एका पेन्सिल सेलवर चालणारी बोटभर बॅटरी जुन्या दांडग्या बॅटरीपेक्षा जास्त उजेड देते. वस्तू सुधारली, पण तिच्याबरोबर खोट्या आकड्यांचा बाजारही वाढला.

आकडे कसे वाचावेत?

उजेडाचे माप ल्युमेन. एक मेणबत्ती साधारण १२ ल्युमेन उजेड देते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. जवळच्या कामाला, म्हणजे घड्याळ, शिवणयंत्र किंवा वायरिंग यांना २० ते ५० ल्युमेन भरपूर होतात. त्याहून जास्त असले तर चकचकीत पत्र्यावरून उलटून डोळ्यांत जातात. वाटेने चालायला ५० ते १०० आणि अंगण, गोदाम किंवा घाटातल्या कामाला २०० च्या वर असले तर सोयीचे. कमी-जास्त करण्याची सोय असलेली बॅटरी म्हणूनच उत्तम. मात्र ती आधी मंद पेटणारी असावी, आणि लुकलुकण्याचे खेळ तिच्यात नसतील तर आणखी बरे.

अंतराचा आकडाही समजून घ्यावा. प्रचलित मापात बॅटरीचा पल्ला म्हणजे, जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंतचे अंतर. चांदण्यात नट शोधता येत नाही. शिवाय पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. म्हणून खिशात मावणाऱ्या स्वस्त बॅटरीवर 'एक किलोमीटर' छापलेले दिसले, की ते शोभेचे समजावे.

खरा प्रश्न टिकण्याचा. 'अमुक तास चालते' असे लिहिलेले असते तेव्हा तो पुष्कळदा सर्वांत मंद उजेडाचा हिशेब असतो. दुकानदाराला विचारावे : पूर्ण उजेडावर किती, आणि मधल्या उजेडावर किती?

सेलची निवड

सेल तीन तऱ्हेचे घ्यावे लागतात. साधा जस्त-कार्बनचा सेल खेड्यातील टपरीवरही मिळतो, हा त्याचा मोठा गुण. अल्कलाईन सेल महाग, पण जास्त उजेडाच्या बॅटरीत तो कित्येक पट टिकतो. चार्ज होणारा लिथियम सेल रोजच्या कामाला सर्वांत परवडतो, मात्र फसवणूकही त्यातच जास्त. १८६५० नावाचा जो गोल सेल मिळतो तो १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो, त्यावरूनच त्याचे नाव पडले. चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास जाते. ज्यावर ९९०० छापले आहे तो सेल खोटे बोलतो. अस्सल सेल हाताला जड, सुमारे ४५ ग्रॅमचा लागतो. हलका लागला तर परत द्यावा. लिथियम सेलवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आयएस १६०४६ हा क्रमांक पाहावा.

काही स्वस्त चार्जिंगच्या बॅटऱ्यांत लेड-ॲसिडचा चार व्होल्टचा डबा असतो. तो उतरलेल्या अवस्थेत महिनाभर कपाटात पडला तर कायमचा जातो. वर्षातून चार वेळा लागणारी बॅटरी हवी असेल, तर तो डबा नको. सुटे सेल घालता येतील अशीच घ्यावी.

दुकानातच पाहून घ्या

१. बटण वीस वेळा दाबावे. एकदाही चुकले तर ठेवून द्यावी. बहुतेक बॅटऱ्या आधी बटणातच जातात.

२. पेटवून तळहातावर हलकेच आपटावी. उजेड लुकलुकला तर आतली स्प्रिंग सैल आहे.

३. दहा मिनिटे पेटती ठेवावी. उजेड उतरतो का, अंग चटका बसण्याइतके तापते का, हे पाहावे.

४. पांढऱ्या भिंतीवर झोत टाकावा. मध्ये काळा डाग नको.

५. रंग पाहावा. टेलर आणि वायरमन यांनी काळा व गडद निळा धागा, लाल व तपकिरी वायरचा तुकडा बरोबर न्यावा. निळसर उजेडात हे रंग एकच दिसतात आणि चुकीची वायर जोडली जाते. किंचित पिवळसर उजेडाची बॅटरी अशा कामाला चांगली.

६. दोन्ही हात गुंतणाऱ्याने कपाळावर बांधायची किंवा तळाशी चुंबक असलेली घ्यावी. बॅटरी दातांत धरून काम करण्याची सवय सोडावी.

७. पावसात काम असेल तर झाकणातील रबरी कडी पाहावी. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारी.

जपणूक

नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये. बॅटरी महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवावेत. गळालेला सेल चांगली बॅटरीही खातो. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात घाटाखाली पारा तेवढ्याच्या जवळ जातो, म्हणून उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नये. उशीखाली चार्जिंगला लावू नये. फुगलेला किंवा दबलेला सेल वापरू नये आणि कचऱ्यातही जाळू नये.

हिशेब व्यापाऱ्याचा

समजा, १५० रुपयांची बॅटरी तीन महिन्यांत गेली. महिन्याला ५० रुपये पडले. ४५० रुपयांची तीन वर्षे चालली, तर महिन्याला साडेबारा रुपये. यात सेलचा खर्च धरला नाही, तसेच अर्धवट राहिलेल्या कामाची बुडालेली मजुरीही धरली नाही.

ज्यांच्या दुकानात बॅटऱ्या विकल्या जातात त्यांना शेवटी एक विनंती. खोक्यावरचा आकडा गिऱ्हाईकाला वाचून दाखवू नका, बॅटरी पेटवून दाखवा. पक्के बिल द्या, वॉरंटीच्या कार्डावर तारीख घालून शिक्का मारा. आम्हाला ती किलोमीटरवाली बॅटरी देणाऱ्याकडे आम्ही पुन्हा गेलो नाही. घाटातल्या त्या क्लीनरला मात्र निघताना विचारून घेतले, बॅटरी कुठून घेतली. त्याने दुकान सांगितले, आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही तिथून दोन आणल्या. एक गाडीत असते, एक खिशात.