कर्जाचं ओझं मनावरही पडतं

मालवणजवळचं देवबाग नकाशावर पाहा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात उधाण आलं की किनारा खचतो. मासेमारी आणि पर्यटन, दोन्हींची कमाई त्याच महिन्यांत थंडावते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर होड्या, घरं, बागा यांचं मोठं नुकसान केलं. अशा जागी कुणाला रात्री झोप लागत नसेल, तर त्याला मनाने कमकुवत म्हणायचं का?

किनाऱ्यावरच्या आपल्या घरांतही हेच होतं. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, जेवण जात नाही. कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं इमान कमजोर झालं. उधारीच्या वहीकडे मात्र कुणी बघत नाही.

शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांची पाहणी केली. पैशाअभावी उपाशी राहणं आणि डोक्यावर कर्ज असणं, या दोन्हींचा नैराश्य आणि चिंतेच्या आजाराशी संबंध दिसला. 2020 साली 'सायन्स' मासिकात आलेल्या आढाव्यानुसार, समाजातल्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या लोकांत हे आजार दीड ते तीन पट जास्त आढळतात. चक्र उलटंही फिरतं. मन खचलं की काम सुटतं, काम सुटलं की कर्ज वाढतं.

महमूद-उर-रहमान समितीने 2013 च्या अहवालात राज्यातले जवळपास 60 टक्के मुस्लिम दारिद्र्यरेषेखाली असल्याचं नोंदवलं. त्यात नाव ऐकून भाड्याचं घर नाकारलं गेलं, तर तो घाव वेगळाच.

सब्र करा, हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सहीह बुखारीतल्या एका दुआमध्ये चिंता आणि दुःखाबरोबरच कर्जाच्या ओझ्यापासून आणि माणसांच्या दडपणापासूनही पनाह मागितली आहे. म्हणजे हा संबंध आपल्याला नवा नाही.

उपचारही आहेत. गोव्यातच 'संगत' संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांनी समुपदेशन करून नैराश्याच्या रुग्णांना बरं व्हायला मदत केली. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर 14416 वर फोन करा. ही सरकारची 'टेलि-मानस' सेवा, मोफत, दिवसरात्र, मराठीतही. आणि घरात कुणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.