अन्ननलिकेचा कर्करोग : शस्त्रापूर्वीचा शोध

अन्ननलिकेचा कर्करोग कापून काढणे ही सामान्य गोष्ट नव्हे. रोगट अन्ननलिका काढून तिच्या जागी बहुधा जठराचीच नळी करून वर नेतात. रोग आधीच यकृतात वा हाडांत पोचला असेल, तर एवढे हाल व्यर्थ! म्हणून ‘पेट-सीटी’ यंत्राने आधी सारे शरीर पाहून घेतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ते २००४ साली आले. मारुंजीच्या रोग्याला आता पुण्यातच त्याची सोय आहे. किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात. तिचा किरणोत्सर्ग दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. हावऱ्या कर्कपेशी ती ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. पण क्षयाच्या गाठीही तशाच उजळतात, आणि क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. तेव्हा दूरची एखादी गाठ उजळली एवढ्यावरूनच शस्त्रक्रिया नाकारू नये, असे आम्हांस वाटते. सुई घालून तिचा कण आधी तपासून घ्यावा.