आडनाव आणि जातप्रवर्ग : महाराष्ट्रातील परस्परसंबंधाचे स्वरूप

प्रस्तावना :
हिंदू समाजात अपरिचित व्यक्तीची जात आडनावावरून ओळखण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. महाविद्यालयीन वर्गही त्यास अपवाद नाही. वस्तुतः आडनाव, जात आणि प्रवर्ग या तीन भिन्न संकल्पना आहेत. आडनाव हा कुटुंबाचा, जात हा समाजरचनेचा, तर प्रवर्ग हा राज्यघटनेनंतरच्या शासनव्यवहाराचा घटक होय. प्रस्तुत लेखात त्यांच्यातील संबंध व त्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

आडनावांचे उगम :
मराठी आडनावांचे तीन प्रमुख उगम दिसतात.
१) ग्रामनाम : गावाच्या नावास ‘कर’ प्रत्यय लागून बनलेली आडनावे जवळजवळ सर्व जातींत आहेत. सावरकर आणि आंबेडकर यांचा प्रत्यय एक, सामाजिक स्थान मात्र भिन्न.
२) वतन व अधिकारपद : पाटील हे गावाचे, तर देशमुख हे परगण्याचे प्रमुखपद. कुलकर्णी पद बहुतांशी ब्राह्मणांकडे राहिल्याने ते आडनाव जातिसूचक बनले. याउलट पाटीलकी अनेक जातींकडे होती. त्यामुळे मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी अशा विविध समाजांत पाटील आढळतात. १९५० व १९६२ च्या कायद्यांनी अनुक्रमे कुलकर्णी वतन व पाटीलकी संपुष्टात आली. आडनावे मात्र टिकली.
३) कुळ : पवार, जाधव, मोरे, गायकवाड ही कुळनामे जातींच्या सीमा ओलांडतात. बडोद्याचे राजघराणे गायकवाड आणि दलित चळवळीचे नेते दादासाहेब हेही गायकवाडच.

एक आडनाव, अनेक प्रवर्ग :
पवार हे आडनाव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. महाराष्ट्रात महार समाजातील पवार अनुसूचित जातीत, फासेपारधी पवार अनुसूचित जमातीत, बंजारा पवार विमुक्त जातीत, तर कुणबी पवार इतर मागासवर्गात मोडतात. मराठा समाजातही हे आडनाव सर्वपरिचित आहे. सारांश, आडनावावरून प्रवर्गाचे अनुमान काढणे तर्कदृष्ट्या सदोष ठरते.

नामसादृश्य आणि कायदा :
‘ठाकूर’ हे महाराष्ट्रातील एका अनुसूचित जमातीचे नाव आहे, तसेच ते अन्य समाजांतील आडनावही आहे. अशा नामसादृश्यातून गंभीर वाद उद्भवतात. खोट्या दाव्यामुळे खऱ्या आदिवासी विद्यार्थ्याची जागा जाते, तर केवळ संशयामुळे खऱ्या दावेदाराचा प्रवेश धोक्यात येतो. माधुरी पाटील प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली. पुढे महाराष्ट्राने जात प्रमाणपत्र पडताळणीसाठी २००० चा अधिनियम केला. त्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जमातीच्या चालीरीतींशी नाते तपासणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव निर्णायक कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले. स्वातंत्र्यपूर्व शालेय व महसुली नोंदींना पुराव्यात विशेष महत्त्व आहे. राजपत्राद्वारे आडनाव बदलता येते. त्यायोगे जात बदलत नाही.

निष्कर्ष :
आडनाव हे स्थान, पद वा कुळ यांच्या इतिहासाचा अवशेष आहे. जातीचा तो फार तर संकेत असू शकतो, पुरावा नव्हे. हजेरीपटावरील आडनावावरून विद्यार्थ्याची गुणवत्ता वा सवलतीचा हक्क गृहीत धरणे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे. प्रवर्गाचा निर्णय दस्तऐवजांवर सोपवून अध्यापकाने विद्यार्थ्याकडे विद्यार्थी म्हणूनच पाहणे इष्ट ठरेल.